आईसाठी गिला वडा
मंगळवार, संध्याकाळ

आज राजापेठेतून चौथ्या गाडीवरचा गिला वडा आणला. आईच्या घशाच्या कॅन्सरसाठीचे रेडिएशनचे शेक संपल्यापासून तिच्यासाठी अमरावतीतला सगळ्यात चांगला वडा शोधून राहिलो. दही घट्ट होतं, वडा मऊ. तिनं सगळा खाल्ला. म्हणाली, "मस्त." पण बडनेऱ्याचाही मस्त होता, कालचाही मस्तच. शेवटी विचारलंच, "आई, यातला सगळ्यात चांगला कोणता?"

तिनं रिकामी प्लेट माझ्याकडे सरकवली. "शेक घेतल्यापासून मले चवच येत नाही रे. तू एवढा हिंडून आनतं, म्हून खातो."

मला रडू यायला पाहिजे होतं ना? काहीच झालं नाही. प्लेट धुतली, ओटा पुसला.

आतून तिनं विचारलं, "उद्या कुठचा आनतं?"