पेंट शॉपमधला तुमचा हात

अण्णा, काल जेवणाच्या सुट्टीनंतर तुमचा हात बंद केला. हात म्हणजे तो, कंपनीतला, पेंट शॉपमधला रोबो, ज्याला तुम्ही लोखंडी कपाटांचे दरवाजे रंगवायला शिकवलं होतं. मेन स्विच मीच खाली ओढला. मेंटेनन्सची इनचार्ज मी, आणि दुसरं कुणी पुढे येईना. सगळे आपापले बूट बघत उभे. शेवटी एकजण म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्या. तुम्हीच करा." घरच्या म्हणे! मयताला जमलोय का आपण, असं ओरडणार होते, ते गिळलं आणि स्विचकडे गेले.

तो डोंबिवलीच्या कंपनीत नवीन आला तेव्हाची एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. ठाकुर्लीच्या आपल्या त्या दोन खोल्या, आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही ताटावर बसून हात हवेत फिरवून दाखवताय. त्या यंत्राला आकडे-बिकडे काही लागत नाहीत, म्हणालात. त्याचा हात आपल्या हातात धरायचा, दरवाजावरून रंगाची गन एकदा फिरवायची, की त्याच्या लक्षात राहतं. मग ते तस्संच करत राहतं. आईने तव्यावरून मान न वळवता सुनावलं, "पोरीचा हात धरून कधी पाटीवर ग म भ न गिरवलं नाहीत, आणि लोखंडाला शिकवून आलात!" तुम्ही हसलात. "अगं, पोरगी विसरेल. हे नाही विसरणार." मी तेव्हा नववीत होते. असला राग आला! फुगून ताटावरून उठले, तर तुम्ही नुसतं "बस" म्हणालात. त्या एका शब्दाला जी धार होती ती माझ्या कानातून अजून गेलेली नाही.

तुमची एक खोड होती. कुठलीही वस्तू कामाला घेतली की आधी कपाळाला लावायची. ब्रश, पाना, माझ्या वह्यांना कव्हरं घालायला घेतलेली कात्रीसुद्धा. रोबोला शिकवतानाही तुम्ही गन आधी कपाळाला टेकवलीत आणि त्याने तेही टिपून घेतलं. तेव्हाचा इंजिनिअर म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून करू. तुम्ही म्हणालात, राहू दे की, नमस्कार करून कामाला लागेल, बिघडलं काय? हे मला नंतर कंपनीत कळलं. कारण पुढच्याच वर्षी, शेहेचाळिसाव्या वर्षी, चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात, आणि डिप्लोमा करून मी तुमच्याच कंपनीत लागले.

पहिल्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सहज पेंट शॉपच्या काचेपाशी उभी राहते. साखळीवरून दरवाजा येतो. हात उचलला जातो, पण दरवाजाकडे वळत नाही. मागे येतो आणि एका माणसाच्या कपाळाच्या उंचीवर थांबतो. तिथे कुणी नसतं. गन रिकाम्या हवेला टेकते, जराशी कलते, आणि मग काम सुरू होतं. रंगाचा पट्टा संपताना मनगटाला तोच हिसका. खालच्या कोपऱ्याशी तोच थांबा, तुमचा उजवा खांदा धरायचा म्हणून तुम्ही घ्यायचात तो. त्या लोखंडाला कुठला आलाय खांदा? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तिथेच हुंदके देऊन रडले.

सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तुम्हालाही मास्तरच म्हणायचे ना, म्हणून. तुमची ती रिकामी जागा कुणी ओलांडत नसे, यंत्र बंद असलं तरी. साफसफाईलासुद्धा वळसा घालून जायचे. नवीन माणूस आला की त्याला दटावायचे, "ए, तिथून नको रे. तिथे मास्तर असतात." मी इनचार्ज झाल्यावर हे थांबवायला हवं होतं म्हणा. पण मीही वळसाच घालायचे.

मग हळूहळू हात थरथरायला लागला. सांध्यांतली बेअरिंगं झिजलेली, त्या मॉडेलचे पार्ट मिळेनात. इकडून तिकडून जुगाड करून मी तो चालू ठेवला. तुमचं म्हातारपण आम्हाला बघायला मिळालं नाही अण्णा, ते त्या हाताने आम्हाला दाखवलं. कपाळाशी जाताना कापायचा, कोपऱ्याशी जास्त वेळ थांबायचा. पोरं म्हणायची, मास्तर थकले. शेवटी वरून निरोप आला, नवा रोबो येतोय, हा भंगारात.

आई आता माझ्याकडे वर्तकनगरला असते. इतक्या वर्षांत ती तो हात बघायला कधी आली नव्हती. "मला नको बाई," एवढंच म्हणायची. भंगाराचं कळल्यावर मात्र म्हणाली, खंडेनवमीला ने मला. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवलेली असतात, तुम्हाला काय सांगायचं. कुणी बटणाला हात लावत नाही. पण आई दारात दिसली आणि सगळ्यांचं डोकंच फिरलं. "वहिनी एवढ्या लांबून आल्यात, मास्तरांना गप्प कसं बसवून ठेवायचं?" असं म्हणून एका जुन्या कामगाराने सरळ सप्लाय दिला. माळ घातलेला हात कापत कापत उठला. कपाळाशी आला. थांबला. आई काचेला तोंड लावून बघत राहिली. "असेच झाले असते का गं हे?" मग ती एकदम त्या कामगारावर करवादली, "आज तरी सुट्टी द्यायची होती त्यांना! मेल्यावरही ड्युटीच करायची का माणसाने?" कामगार बिचारा पांढराफटक पडला. घरी येताना रिक्षात तिने माझा हात धरला. "त्यांना सोड आता. वचन दे." मी दिलं.

नव्या रोबोचा इंजिनिअर पोरसवदा आहे. काल नवा हात जागेवर बसवून झाल्यावर मला विचारतो, "मॅडम, नवीन शिकवू की जुन्यातलं उचलून जसंच्या तसं टाकू?" मी म्हटलं, एकदा टाकून तर बघा. आणि अण्णा, तो नवा हात उठला. थरथर नाही, कुरकुर नाही. सरळ कपाळाशी आला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, केस पिकलेत, गुडघे बोलतात, आणि समोर माझा बाप माझ्याहून तरणाताठा उभा. तो कधी थकणार नव्हता. मी मेल्यावरही दरवाजे रंगवत राहणार होता. मला तुमची भीती वाटली. लहानपणी वाटायची तशी नाही, वेगळीच. मी म्हटलं, बंद करा, बंद करा आधी.

इंजिनिअर म्हणाला, "सगळं पुसून टाकू ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते सुरुवातीचं तेवढं काढा. वेळ फुकट जातो." त्याने काढलं. आज सकाळी नवा हात सुरू झाला. नमस्कार नाही, काही नाही, दरवाजा आला की थेट काम. पोरं काचेपाशी थोडा वेळ थांबली, "गेले मास्तर" म्हणाली, आणि दुपारी यंत्र थांबलं तशी तुमच्या जागेतून ट्रॉल्या ढकलायला लागली. मनगटाचा हिसका कुणाच्या लक्षात आला नाही. कोपऱ्याशी हात थांबतो तेही नाही. मी मात्र दिवसभर काही ना काही निमित्त काढून तिथे जात होते.

संध्याकाळी आईने विचारलं, "दिलीस सुट्टी?" मी दिली म्हटलं. तिने देवापुढे साखर ठेवली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

हे वाचायला कुणी नाही, म्हणूनच लिहितेय. सुट्टी नाही दिली, अण्णा. नमस्कारापुरता होता तो घडीभराचा विसावाही काढून घेतला, म्हणजे कुणाला कळायला नको. मला तुम्हाला सोडवत नाही. आईच्या स्वप्नात येता म्हणे तुम्ही अधूनमधून. आज आलात तर तिला यातलं काही बोलू नका.