उजवीकडे कललेली मांड

प्रिय मामा,

तू गेलास तेव्हा मी आलो नाही. तेराव्यालाही नाही. रजा मिळाली नाही असं मामीला सांगितलं, पण खरं तर मी मागितलीच नव्हती. आता चार महिन्यांनी लिहितोय, कारण काल एक गोष्ट कळली आणि तिचा जाब तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

बंगळूरच्या बाहेर घोडेस्वारी शिकवतात, तिथे मी तबेल्यात कामाला, एवढं तुला माहीत होतं. दोन वर्षं लीद उचलली. आता रविवारी माझी परीक्षा आहे. नीट बसता आलं तर स्वार म्हणून ठेवणार, नाहीतर फावडं आहेच. परीक्षा घेणारे सुभेदारसाहेब फौजेतले, साताऱ्याकडचे. काल त्यांनी तयारी म्हणून घोडा लांब दोरीवर धरला, माझ्या रिकिबी काढून घेतल्या, लगामही दिला नाही. दोन्ही हात पसर आणि दुडक्या चालीत बसून राहा, म्हणाले.

तीन फेऱ्या झाल्या नि ओरडले, "आरं, एका हातात पाण्याची घागर धरल्यागत काय बसतोयस? उजवीकडं कलंडलायस की!"

मी म्हटलं, सरळच बसलोय. तर त्यांनी मोबाईलवर काढलेलं दाखवलं. मामा, मी स्वतःला ओळखलं नाही! उजवा खांदा खाली, डावा गुडघा वर, कंबर मुरडलेली. प्रत्येक फेरीत तसाच.

"कुणी शिकवलं?"

"माझ्या मामाने." अजून अभिमानाने सांगितलं बघ.

"मामाचं घोडं डाव्या पायानं लंगडं व्हतं का?"

मी हसलो. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "दुखऱ्या बाजूवरचं वजन काढायला माणूस असा बसतो. तुला मुद्दाम बसवलंय कुणीतरी."

तुला तारकर्लीची वाळू आठवते? तू घाटावरून चंदा घोडी आणलीस, पर्यटकांना फिरवायला. मी नववी नापास, घरात टिकत नव्हतो. तू म्हणालास, "चल, तुका घोड्यार बसवतंय." केवढा खूश झालो होतो मी! डावी रिकीब दोन भोकं वर बांधायचास आणि मागून ओरडायचास, "उजव्या कुल्ल्यार बस रे! उजव्या!" मी विचारलं, सरळ का नाही? "वाळू समुद्राकडे उतरता ना? सरळ बसलंस तर पडतलंस. किनाऱ्यार असाच बसतत."

पण येताना उतार दुसऱ्या बाजूला असायचा, मामा! तेव्हाही उजवीकडेच? हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तू सांगितलंस म्हणजे झालं.

आणि तो दिवस. माझ्यापुढे पुण्याची एक लहान मुलगी बसली होती, आणि चंदा पुढच्या पायावर कोसळली. मुलीचा दात तुटला. तिचे वडील अंगावर धावून आले, तर तू त्यांच्याआधी माझ्या कानाखाली मारलीस. शहाळीवाला, होडीवाले, सगळे बघत होते. "ह्येका बसूक येणा नाय, सायबानू. ह्येची मांडच कच्ची." त्या दिवसापासून मी अख्ख्या किनाऱ्याला 'कच्चो' झालो. मी हाक मारली की पोरं हसायची. गाव का सोडलं असं तू फोनवर विचारायचास ना?

काल मामीला फोन केला. तिने आधी उडवाउडवी केली, मग म्हणाली, "झिला, घेतली तेवाच तिचो डावो पाय अधू होतो. मामाक माहीत होता. पण लंगडी म्हटल्यार तिच्यार कोण बसलो असतो? हाकलूची लागली असती." आणि मग हळूच, "तुका मारल्यार तो दोन दिवस जेवलो नाय."

जेवला नाहीस! मला एकदा सांगितलं असतंस तर? मी तोंड उघडलं असतं? कधीच नाही. तुझ्यासाठी ती थप्पड मी हसत घेतली असती. पण तू मलाही फसवलंस. मी चार वर्षं मानत आलो की माझ्या अंगातच खोट आहे.

आज पहाटे साहेबांनी पुन्हा दोरीवर घेतलं. नजर घोड्याच्या कानांमधून लांब, बसण्याची दोन्ही हाडं खोगिरावर सारखी, टाच खाली, श्वास सोडत राहायचं. सरळ बसलो की मला वाटतं डावीकडे पडणार. शरीर ऐकतच नाही! साहेब म्हणाले, "वाकडा हायस, पण शंभर फेऱ्यांत एकसारखा वाकडा. ज्याला हे जमतं त्याला सरळबी जमंल." एकसारखं बसायची ही सवयही तूच लावलीस. त्याचाच जास्त राग येतो.

मामी म्हणते, चंदा अजून दारात आहे, आणि हंगामात तिला पुन्हा वाळूवर काढायला तुझा भाऊ मागे लागलाय.

तर ऐक. रविवारी पास झालो काय, नापास झालो काय, मी मे महिन्यात येतो. चंदावर कोणालाही बसू देणार नाही. तिला हाताने धरून किनाऱ्यावर नेईन, तिचा पाय सगळ्यांना दाखवेन आणि तू काय केलंस ते तुझं नाव घेऊन सांगेन. तुझी लाज राखणार नाही.

तेवढं झालं की घरी येऊन तुझ्यासाठी रडेन. त्याआधी नाही.

तुझा भाचा,
संज्या