मुरलेला चुना

२ डिसेंबर

आज रोह्याहून पेणला आलो. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची राणीची कोठी पाहिली आणि मन प्रसन्न झालं. दारावरच्या दगडात १८८१ कोरलं आहे. टोकदार कमानी, ओतीव लोखंडाचे खांब, वर लाल-निळ्या काचांची गोल खिडकी. कुणा गोऱ्या व्यापाऱ्याने बांधली म्हणतात. पुढे काही वर्षं दवाखाना होता, मग कुलूप. आता हमरापूरच्या बायकांच्या संस्थेने ती घेतली आहे. इथे गणपतींचा कारखाना होणार, आणि माघी गणपतीला मोठ्या दालनात पहिली मूर्ती बसणार. संस्थेच्या विमलबाई स्वतः किल्ल्या घेऊन आल्या होत्या. मुंबईच्या इंजिनियर बाईंचं म्हणणं, भिंतींना सिमेंट लावायचं नाही, जुन्या रीतीने चुनाच. म्हणून मला बोलावणं. आमच्या घरात चार पिढ्या चुन्याचं काम. पन्नाशीला आलो, देवाच्या जागेला हात लागतो आहे, याहून काय हवं?

मागच्या खोलीत राहायची सोय आहे. देवाची तसबीर खिडकीशी लावली, गळ्यातली माळ डोळ्यांना लावली. माळ घातली त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून मासमच्छी वर्ज्य. व्यसन एकच, पानाचं. वडिलांचा पितळी चुनाळू सोबत आहेच.

गिलावा मारणारा विठू जवळच्या जिते गावचा आहे, तोंडाने फटकळ. माझी माळ पाहून म्हणाला, "बुवा, पेणला येऊन मासली नाय खाल्ली तर खाडी रागवंल." घमेली उचलणारी रंभा लगेच म्हणाली, "त्यांच्या वाटची तूच गिळतोस ना, मग कशाला रागवंल?"

७ डिसेंबर

चार दिवस नुसतं खरवडणं चाललं आहे. मधल्या काळात कुणीतरी भिंतींना सिमेंट फासलं होतं, त्यामुळे आतला दगड घामेजलेला. रंभा मागच्या झुडपात खरवडलेला राडा पुरायला खड्डा खणत होती आणि तिच्या पहारीखाली फरशी वाजली. आम्ही चार-पाच जणांनी माती काढली. काळ्या दगडाच्या मोठ्या फरश्या, सांधे शिशाने बुजवलेले. एक फरशी उचलली. खाली हौद, वर वीतभर पाणी, आणि पाण्याखाली चुना.

शंभर वर्षांचा चुना, आणि अजून मऊ! पाण्याखाली राहिला तर चुना मरत नाही. वडील म्हणायचे, आजोबाने विरवावा आणि नातवाने वापरावा. असा मुरलेला चुना मी आजवर ऐकला होता, पाहिला नव्हता. बोटावर घेतला, लोण्यासारखा. आमच्यात चुना जिभेवर घेऊन पारखतात. घेतला. जीभ भाजली नाही. किंचित खारट, मागून गोडसर.

इंजिनियर बाईंना फोन केला, त्या फार खूश झाल्या. मी हौदावर नारळ फोडला. चुनाळूतला बाजारचा चुना फेकला आणि त्यात हा भरला.

१८ डिसेंबर

काम झपाट्याने होतंय. गूळ, हिरडा आणि उडदाचं पाणी घालून चुना दगडी चाकाच्या घाणीत मळतो. थापीखाली तो असा पसरतो की हात आपोआप चालतात. चुन्यात केस येतात, लांब, काळपट. जुने गवंडी गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून बकऱ्याचे केस घालत, तसंच असणार. विठू म्हणाला, "बकऱ्याचं का बकऱ्याच्या बायकोचं? एवडं लांब केस!" सगळे हसले. मीही.

पानाला, तंबाखूला आता सगळे याच हौदातला चुना घेतात. रंभाने घरच्यांसाठी डबी भरून नेली. बाजारच्या चुन्याला ही चव नाही, हे खरं.

३ जानेवारी

गिलावा वाळत नाही. पंधरवडा होऊन गेला तरी हाताला ओशट लागतो. वर पिवळसर तवंग येतो, खवट तुपासारखा. आज फडक्याने पुसला. फडकं बादलीत टाकलं तर पाण्यावर चरबीची वर्तुळं आली. उडदाचा दोष असेल असं मी म्हणालो. रंभा म्हणाली, "दादा, माज्या घरात उंदीर मेलावता तवा असाच वास आलावता."

माश्या. कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, गुळाची ढेप उघडी आहे. तिकडे एक माशी नाही. सगळ्या पूर्वेच्या भिंतीवर, हलत नाहीत. हाताने हाकलल्या तर तळव्याला चिकटून आल्या.

८ जानेवारी

जेवण जात नाही. भात तोंडात घेतला की राख चावल्यासारखं होतं. पान मात्र दिवसाला वीस होतात. आधी चुना करंगळीच्या टोकावर घ्यायचो. आता बोटभर. विठूच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत, पण तो आता पान लावतच नाही. नुसता चुनाच चाटतो. मी रागावलो तर म्हणाला, "तुमी काय करताव बुवा, आमाला काय दिसत नाय व्हय?"

जप करताना तोंडाला लाळ सुटते. देवासमोर बसून लाळ गिळत होतो. किळस आली स्वतःची.

१३ जानेवारी

हौदातला चुना तळाला लागला. तळाचा चुना घट्ट आहे, धागे सुटतात. चाळणीत आज एक चांदीचं जोडवं सापडलं. कुणा बाईचं पायातलं पडलं असेल, असं रंभा म्हणाली. शंभर वर्षं बंद हौदात कुणाचं पडणार?

दुपारी पान चावताना दाढेखाली खडा आला. थुंकून पाहिलं. खडा नव्हता, दात होता. माझे सगळे जागेवर आहेत. जिभेने तीनदा मोजले.

१५ जानेवारी

इलियासभाई आज भेटले. कोठीला लागून त्यांचं घर, पण दोन महिने ते कुवेतला मुलाकडे होते. सत्तरी ओलांडलेले सज्जन गृहस्थ. चहा पाजायला बोलावलं. काम कसं चाललंय विचारलं, मी हौदाचं सांगितलं. कप त्यांच्या हातातच राहिला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. प्लेगच्या साली कोठीत आजाऱ्यांना डांबत. गावोगावचे, हिंदू-मुसलमान, बायका-पोरं. त्यांचे आजोबा बैलगाडी हाकत. माणसं इतकी मरत की जाळायला लाकूड पुरेना, पुरायला कुणी पुढे येईना. मग गोऱ्या डॉक्टरने मागे हौद खणवला. एक थर माणसांचा, एक थर चुन्याचा. त्यांच्या आजोबांनी मरेपर्यंत पानाला चुना लावला नाही. "तो हौद नाय मिस्त्री," ते म्हणाले, "ती कबर हाय. तुमी उघडलाव?"

उघडला, म्हणालो. तोंडात पान होतं.

१६ जानेवारी

रात्रभर ओकलो. पांढरं. माळ काढून खुंटीला टांगली. ज्या तोंडाने माणूस खाल्ला त्या तोंडाने नाव कसं घ्यावं? चुनाळू खाडीत फेकला. वडिलांचा होता.

विमलबाईंना सगळं सांगितलं. भिंती उतरवू, राडा मातीला देऊ, दोन्हीकडच्या रीतीने क्रियाकर्म करू, मग नव्याने गिलावा करून देतो, मजुरी नको, असं म्हणालो. बाई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, चाळीस बायका वाट बघतायत, पंचवीसला मूर्ती येतेय, आता हे बोलायचं कुणाला? म्हाताऱ्याच्या गोष्टीवर का भिंती पाडायच्या?

मी म्हणालो, वास घेऊन बघा. त्या दालनात आल्या. भिंतीजवळ थांबल्या. वास घेतला. बराच वेळ घेत राहिल्या. जाताना रुमालात थोडा चुना बांधून—

१९ जानेवारी

आज भर दुपारी दालनात गेलो. विठू, रंभा आणि दोन मजूर भिंतीला तोंड लावून उभे. आधी वाटलं रडतायत. जिभांचा आवाज येत होता. जनावर मिठाचा दगड चाटतं तसा. रंभाच्या हनुवटीवरून पिवळं ओघळत होतं, त्यात केस. मी तिला ओढलं. तिने वळून पाहिलं. ओळख नाही डोळ्यांत. म्हणाली, "पानी." आवाज तिचा नव्हता. मग बाकीचेही. पानी, पानी.

इलियासभाई दार लावून बसलेत. आतून दुवा म्हणण्याचा आवाज येतो.

२१ जानेवारी

पाच दिवस चुना नाही. जीभ सुजली. पाणी पितो, तहान जात नाही.

पूर्वेच्या भिंतीला फुगवटे आलेत. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. काही खाली, पोरांच्या उंचीवर. एक दाबून पाहिला. मऊ. कोमट—

आतून ओठ हलल्यासारखं. बोट काढलं तर चिकट. पुसायला हवं होतं. पुसलं नाही.

चाटलं.

२३ जानेवारी

परवा मूर्ती येते. तिला या भिंतींत बसू द्यायचं नाही. एवढं एक झालं तर माझं काही होवो. विठू-रंभा आज आलेच नाहीत. बरंच झालं. एकटाच उतरवतो. घमेलं, थापी, पहार काढली. घमेलं भरलं की खाडीच्या बांधाला नेऊन पुरायचं. इलियासभाईंनी खड्डा खणून ठेवतो म्हणून आतूनच सांगितलं.

माळ परत गळ्यात घातली. माफ कर देवा. कामापुरती.

२४ जानेवारी

सकाळपासून खरवडतोय. हाताला जोर चांगला आहे. थकवा नाही. पूर्वेची भिंत दगडापर्यंत उघडी झाली, उत्तरेची अर्धी. तहानही नाही आता. पोट जड—

इलियासभाई बांधावरून ओरडून विचारतायत, खड्डा कधीचा तयार आहे, राडा का येत नाही.

थांबून पाहिलं. घमेलं रिकामं. धुतल्यासारखं. खाली जमीन स्वच्छ. थापी कोरडी, तिथेच, जिथे काल ठेवली होती. तिला हातच लागलेला नाही. नखं झिजून रक्त—

दीड भिंतीचा चुना. मग तो गेला कु—