भाजलेल्या वाफ्यातले अमरकंद

साडूभाऊ संदेशराव यांस परंदवडीहून अंबाजीचा रामराम. हितं सगळे ठीक. सारिकाची आणि तुमच्या गुडघ्याची खुशाली कळवावी (सत्काराला ताठ उभे होता, म्हणजे गुडघा बरा असावा).

सत्काराचा फोटो पोचला. डोंगरातला एकही कंद न उपटता तुम्ही शेतात अमरकंद पिकवला, त्याच्या भुकटीची खीर लोणावळ्याच्या हॉटेलात चालते, वर शाल-श्रीफळ. आमची ही, नंदा, म्हणते, माझा जळफळाट होतोय. व्हय, होतोय. वीस वर्षं सासुरवाडीत पहिला पाट माझा होता. यंदा अक्षय्यतृतीयेला सासूबाईंनी माझ्या हातात तांब्या दिला आणि म्हणाल्या, संदेशरावांच्या हातावर पाणी घाला. घातलं.

तुम्ही दिलेले चाळीस कंद लावले. जंगलातली माती आहे तशीच घाला, तिच्यातल्या बुरशीवर कंद जगतो, असं तुम्ही बजावलं होतं. मला वाटलं, साडू खरी गोम लपवतोय. आम्ही बुरशी मारायला औषध फवारतो आणि हा म्हणतो बुरशी सांभाळा! मी तीन पिढ्यांचा भातवाला. भाताच्या रोपांना राब भाजतो तसाच वाफ्यावर शेण, पालापाचोळा रचला, पेटवला, माती पार करपवली (धुरानं शेजारच्या कमळाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडया काळ्या झाल्या, त्या अजून बोलत न्हाईत), मग कंद पुरले. पाऊस लागून महिना झाला, वाफा माझ्या डोक्यासारखा तुळतुळीत. एक कोंब आला होता. त्याला लय जपलं, कुंपण घातलं. परवा नंदानं सांगितलं की ती हळद आहे.

तुमची भरभराट होवो, पण जरा दमानं.

आपला (वयानं थोरला) साडू,
अंबाजी

ता. क. : पारावर तुमचं कौतुक चाललेलं, ते ऐकवेना. तोंडातून गेलं की माझे अमरकंद तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहेत. आता गुरुवारी मंडळी बघायला येणार. तरी बुधवारी दुपारी चाळीस रोपं मातीसकट टेम्पोनं पाठवा, उंच बघून. न्हाईतर मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. सारिकाला बोलू नका, बहिणीबहिणींत काही राहत न्हाई.

ता. क. दुसरा, नंदाकडून : संदेशराव, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. रोपं पाठवू नका, हितं मरतील. गुरुवारच्या मंडळींना मी तुमच्याच शेताचा पत्ता दिलाय. जीप ठरलीय, पुढच्या सीटवर हेच बसतील. कुटं जायचंय ते ह्यांना अजून सांगितलेलं न्हाई. चौदा माणसांचा चहा टाका.