खमिराला न सांगितलेलं

रुवी, मस्कत
मार्च २००६

प्रिय फिलू,

तुझ्या वसईच्या बेकरीसाठी तू आमच्यातलं अर्धं खमीर मागितलंस. एक्क्याण्णव साली बेनेदेत्तो कुटुंबानं ते इटलीहून बरणीत आणलं आणि या गल्लीत पावाचं दुकान काढलं. परत जाताना दुकान आणि बरणी दोन्ही तुझ्या भावाकडे, इनासकडे सोपवली.

त्यांच्या म्हातारीचा नियम होता: घरातलं माणूस गेलं की खमिराला सांगायचं, मगच ते कुणाला द्यायचं.

इनास चेष्टा करायचा, "नानी, मैं गया तो ये रोएगा क्या?"

म्हातारी गल्लीत शिकलेल्या हिंदीत म्हणायची, "रोएगा नहीं. राह देखेगा."

इनासला जाऊन चार महिने झाले. मी अजून सांगितलेलं नाही. दुकानाची एकच किल्ली आहे, ती माझ्या गळ्यात असते. तरी रोज सकाळी पीठ मळलेलं मिळतं, त्यावर त्याच्या अर्ध्या तुटलेल्या अंगठ्याचा ठसा असतो.

आज तुझ्यासाठी सांगायचंच, म्हणून झाकण काढलं. तोंडातून निघालं, "इनास मैदा आणायला गेलाय. येईल."

बघता बघता खमीर बरणीच्या काठापर्यंत फुगलं.

फिलू, तुला द्यायला माझ्याकडे काही नाही गं.

तुझी वहिनी,
नातालीन