चित्राखालची दोन नावं

अकोला, मंगळवार संध्याकाळ

"कोनी विचारलं तं आमी बहिणी हाओत मनून सांगजो," आत्या मला लहानपणी म्हणाली होती. आता आत्या नाही. तिच्यासोबत तीस वर्षं राहिलेल्या सुशीमावशीला आज इथल्या प्रदर्शनासाठी काढलेलं दोघींचं चित्र दाखवलं. एकाच कापडाची पोलकी पाहून ती हसली. "माही बाही आखूड होती. तुह्या आत्यानं कापड कमी पाडलं." मग खालची आडनावांसकट लिहिलेली नावं वाचली. "हे काहून लिवलं? तू अमरावतीले तुह्या घरी जाशील, मले याच गल्लीत राहाचं हाय."

बायकांवर प्रेम केलेल्या बायका रंगवतेय मी, दहा वर्षं. सगळ्या बिननावाच्या. याही तशाच ठेवायच्या? की नावांचा हा माझाच हावरटपणा? बाही तेवढी आखूड केली.

नाहीच म्हणेल, तरी उद्या विचारते: मावशी, आडनाव गाळून नुसतं 'सुशी' लिहू का?