हापशाचं बक्षीसपत्र

ता. हदगाव
११ मार्च १९८६

चि. सुमन हिस बाबांचा जयभीम व आशीर्वाद. आम्ही बरे आहोत.

यंदा गावच्या दोन्ही विहिरी आटल्या. पाणी आहे ते आपल्या शेतातल्या हापशाला. सगळं गाव भरतं. मी कोणाला अडवणार नाही, पण माझ्यामागं? म्हणून हापशाची गुंठाभर जागा ग्रामपंचायतीला बक्षीसपत्रानं द्यायची म्हटली, तर अर्ज तीनदा परत आला. जुन्या नियमानं आधी वरची मंजुरी लागते म्हणे.

काल सरपंच अमृतराव सांगून गेले की तो नियमच रद्द झाला, रजिस्ट्रीला चला. मला धडकीच भरली. जुना नियम गेला, तर माझं निजामाच्या वेळचं उर्दू खरेदीखतही गेलंच की! शेतच माझं नाही तर देऊ काय? खत कणगीत दडवलंय, ताप आल्याचं सांगून पडून आहे. तुझी आई हसते.

जीव तुझ्या उत्तरात अडकलाय, हे ओळखून लिही.
नरसिंग

लातूर
१७ मार्च १९८६

ती. बाबांना सा. जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आईसारखीच हसले. बाबा, मंजुरीचा नियम तेवढा गेला. जुनी खतं कायम आहेत, परिपत्रकात तसं स्पष्ट आहे. कालबाह्य नियमांची यादी आमच्या या नव्या जिल्ह्यातून मुंबईला गेली, ती कचेरीत मीच टंकली. सातव्या क्रमांकाला हाच नियम होता, तिथं बोटं जरा जोरातच पडली.

ताप उतरवा, खत बाहेर काढा. उंदरांना उर्दू काय, मराठी काय, सारखंच.

इथंही टँकरची रांग आहे, तरी काळजी नको. माया असू द्या.
सुमन

ता. हदगाव
२६ मार्च १९८६

चि. सुमन हिस बाबांचा जयभीम.

रजिस्ट्री झाली. खताचा कोपरा उंदरांनी खाल्लाच होता, शिक्का शाबूत. कारकुनानं सवयीनं शाईची गादी पुढं केली. मी पेन मागितलं. जुन्या खतावर माझा अंगठा आहे, या कागदावर सही; तू शिकवलेली. लई वेळ लागला.

या पाण्याला कोणी कोणाला मनाई करू नये, असं मी लिहायला लावलं. कारकून म्हणाला की याची काही गरज नाही. मी म्हटलं, आहे. माझी आई अमृतरावांच्या विहिरीपासून दहा हात लांब, कोणी घागरीत ओतील म्हणून उन्हात उभी राहायची. अमृतराव शेजारीच होते. ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.

यादी माझ्या लेकीनं टंकली, हे मी कचेरीत तिघांना सांगितलं. चौथ्याला तुझी आई सांगत होती.

आज अमृतरावांची सून हापशावर आली. ती पोटुशी आहे, म्हणून दांडा तुझ्या आईनं हापसला.

आमची माया आटायची नाही.
नरसिंग